ह्ये लोखंड न्हवं, तिखं हाय

आजीच्या विळीचं पातं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी लोहाराकडे गेले, तो दिवस गुरुवारचा होता. विळीचा पाट वाळवीनं केव्हाच संपवला होता. उरलेलं पातंही साठ वर्षं भाज्या चिरून मधोमध झिजलेलं, धारेला दोन खाचा पडलेल्या, टोकाच्या खवणीचे निम्मे दात गेलेले. वाळवा तालुक्यातलं हे गाव उसाचं. दुकान म्हणजे रस्त्याकडेला चार पत्रे, एक भट्टी आणि बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण. मी म्हटलं, "मामा, हे लोखंड जरा बघता का? धार लावून हवी होती."

मामांनी पातं हातात घेतलं, नखानं टिचकी मारली, नाद कानाशी नेऊन ऐकला आणि म्हणाले, "ताई, ह्ये लोखंड न्हवं. तिखं हाय."

घरी येऊन मोल्सवर्थचा कोश उघडला. 'तिखें' तिथे आहे. अर्थ दिलाय पोलाद. मूळ संस्कृत 'तीक्ष्ण'. म्हणजे मिरचीचं तिखट आणि विळीचं तिखं एकाच घरातले. 'पोलाद' हा शब्द फारसीतून आला, राजकारणात गेला, पोलादी पडदा आणि पोलादी चौकट म्हणत भाषणांतून हिंडला. तिखं मात्र भट्टीजवळच राहिलं. मी मराठीत इतकी वर्षं लिहिते आहे, पण हा शब्द माझ्या कानावर त्या दिवशी पहिल्यांदा पडला, याची मला खरोखर लाज वाटली.

मराठीला एक लोखंड कधी पुरलंच नाही. घावन टाकायचा तवा बिडाचा. घरावर असतो तो पत्रा. स्लॅबमध्ये जाते ती सळई, आणि गवंडी ती मिलिमीटरमध्ये नव्हे, सुतात मागतो: तीन सुती, चार सुती. इंचाचे आठ सूत. बैलगाडीच्या चाकावर चढते ती धाव. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री, घोड्याच्या खुराला ती नाल. लाकडी नांगराच्या टोकाला फाळ आणि फाळ जागच्या जागी धरून ठेवणारं कडं म्हणजे वसू. रक्तात असतं ते लोह. काम संपलं की सगळ्याचं मिळून भंगार. धातू तोच, पण माणसाच्या हातात येऊन जे काम तो करतो त्यावरून त्याचं नाव ठरतं. शाळेच्या पुस्तकात मात्र सव्विसाव्या क्रमांकाचं एक मूलद्रव्य तेवढं उरतं.

'लोखंड' या शब्दाचा प्रवासही हेच सांगतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी मराठीची जडणघडण उलगडताना तो 'लोहखंड'पर्यंत नेला. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात वेगळी वाट दिसते: लोहाचं 'उपस्कर' म्हणजे लोखंडी सामान, आणि त्यात मिसळलेलं 'भांड'. याच कुळातला 'लोखर' नेपाळीत न्हाव्याची हत्यारं ठेवायची धोकटी झाला. हिंदीत त्याचा अर्थ हत्यारं आणि भांडी. गुजरातीत हत्यारंही आणि धातूही. मराठीत येईपर्यंत हत्यारं गळाली आणि धातू उरला. मला टर्नरची वाट जास्त पटते, कारण लोहाराच्या दुकानात बसल्यावर दिसतं की लोकांनी आधी फाळ ओळखला, विळा ओळखला, मग ते ज्याचे झाले त्या धातूला नाव दिलं.

त्याहून मागे गेलं तर 'लोह' हाही लोखंडाचा शब्द नव्हता. लोह म्हणजे लाल धातू, तांबं. ऋग्वेदात 'अयस्' आहे, पण ते नेमकं कोणतं हे तिथे उघड होत नाही. अथर्ववेदापर्यंत काळं अयस् आणि लाल अयस् अशी फोड झालेली दिसते. काळं आलं, लालचं नाव घेऊन बसलं. अयस् 'अयस्कांत'मध्ये, म्हणजे लोहचुंबकात, चिकटून राहिलं आणि बाकी मराठीतून जवळपास गेलंच.

मामांनी पातं शेवटायला घेतलं. शेवटणं म्हणजे बोथट झालेलं हत्यार तापवून, ठोकून, पुन्हा धारेवर आणणं. पूर्वी पेरणीच्या तोंडावर अख्खं गाव फाळ शेवटायला लोहाराच्या दारात बसायचं, त्याचं बलुतं धान्यात मिळायचं. भट्टीत दगडी कोळसा. चामड्याचा भाता जाऊन हातानं फिरवायचा पंखा आला आहे. तो त्यांची सून फिरवत होती. पातं आधी काळपट लाल झालं, मग गाजरासारखं, मग पिकल्या संत्र्यासारखं. मामांनी सांडशीनं ते ऐरणीवर घेतलं आणि हातोडीचे हलके, भराभर घाव घातले. खाचा बुजल्या नाहीत. खाचेच्या दोन्ही बाजूंचा धातू पसरून धारेची रेषच नवी झाली. रंग उतरला की हातोडी थांबायची. "गार झाल्यावर मारलं तर तडकतंय," ते म्हणाले.

खरं काम त्यानंतर होतं. पातं पुन्हा तापवून त्यांनी फक्त धारेकडची दोन बोटं पाण्यात बुडवली. चर्र झालं. लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासलं आणि उजेडाकडे तिरपं धरलं. "आता बगा."

पाठीतली उष्णता धारेकडे सरकत होती आणि चकचकीत केलेल्या पट्ट्यावरून रंग चालत येत होते. आधी गव्हाच्या काडीचा फिकट पिवळा, मग तांबूस, त्यामागे जांभळा आणि निळ्याची कडा. पिवळा धारेपाशी पोहोचला त्या क्षणी मामांनी अख्खं पातं पाण्यात टाकलं. जांभळा धारेपर्यंत आला असता तर धार मऊ पडली असती. पिवळा यायच्या आधी टाकलं असतं तर ती काचेसारखी कडक राहून पहिल्याच नारळाला तुकडा पडला असता. रंग म्हणजे धातूवर चढणारा ऑक्साइडचा पातळ थर. जाडी वाढते तसा रंग बदलतो. पिवळा म्हणजे सुमारे सव्वादोनशे अंश, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. मामांकडे तापमापक नाही, तसा त्यांना तो लागतही नाही. याला ते 'पाणी देणं' म्हणतात. पाणीदार माणूस म्हणताना आपल्या तोंडी येणारं पाणी मला त्यानंतर या हौदातलंच वाटू लागलं आहे.

पाणी घेतं ते तिखं, न घेतं ते लोखंड, ही मामांची व्याख्या. धातुशास्त्राची व्याख्या फार वेगळी नाही. फरक कर्बाचा. अगदी थोडा असेल तर लोखंड मऊ, वाकतं, पाण्यात बुडवूनही कडक होत नाही. शेकड्यात साधारण अर्धा ते एक भाग असेल तर ते पाणी घेतं. दोनच्या वर गेला की बीड. ते साच्यात छान ओतलं जातं, उष्णता धरून ठेवतं, पण हातोडीखाली वाकत नाही, फुटतं. म्हणून बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला की तुकडे होतात आणि लोखंडी कढईला नुसता पोचा पडतो. पूर्वी पोलाद महाग होतं, तेव्हा कुऱ्हाडीचं अंग लोखंडाचं आणि फक्त धारेपुरतं तिखं लावायचे, टाकणखार टाकून, पांढऱ्या आंचेवर सांधून. आता मामा ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणतात. ऊसतोडीच्या कोयत्यांना याहून चांगलं तिखं मिळत नाही, असं ते सांगतात.

हे ज्ञान या मातीत किती जुनं आहे, त्याचा पुरावा नागपूर जिल्ह्यात आहे. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नाईकुंड. डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव आणि त्यांचे सहकारी १९७८ ते १९८० या काळात तिथे उत्खनन करत होते. त्यांना लोखंड गाळायची भट्टी सापडली: गोलाव्याच्या मातीच्या विटा, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, मळीचे ढीग. काळ इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमाराचा. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. तेवढी उष्णता त्या भट्टीत होत नसे. दगडातून सुटायचा तो सच्छिद्र गोळा, मळीनं भरलेला. तो तापवून, ठोकून, मळी पिळून काढून त्याचं लोखंड व्हायचं. म्हणजे घणाचे घाव नसते तर भट्टी कितीही पेटली तरी उपयोग नव्हता.

तिथून फार लांब नसलेल्या माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांखाली माणसांबरोबर पुरलेली हत्यारं निघाली आहेत. माहुरझरीला घोडेही पुरलेले होते. विदर्भातल्या या कुऱ्हाडींची एक खूण जाणकार सांगतात: दांड्याला पातं पक्कं बसावं म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. मी ती चित्रं पाहिली तेव्हा मला आजोळच्या नांगराची वसू आठवली. नातं जोडायला माझ्याकडे पुरावा नाही. पण लाकूड आणि लोखंड यांची सांगड कशी घालायची हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता, आणि उत्तरही त्याच तऱ्हेचं.

याच विदर्भात आधुनिक पोलादाचा पहिला मोठा कारखाना उभा राहिला असता. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचं खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, असा रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल १८८२मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. पुढे प्र. ना. बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाकडे लक्ष वेधलं, साकची गावी कारखाना आला आणि १९१२मध्ये तिथून पहिलं पोलाद निघालं. लोहारा हे नावच तिथे कोण राहत होतं ते सांगतं. नांदेडचं लोहा, धाराशिवचं लोहारा, पुण्याजवळचं लोहगाव, मळवलीचा लोहगड… नकाशावर बोट फिरवलं की अशी नावं भेटत जातात.

लोखंड शेतात शिरलं ती गोष्ट मला किर्लोस्करांशिवाय सांगता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर ओतला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढेल, ही भीती. आज ती भाबडी वाटते, पण तेव्हाच्या शेतकऱ्याच्या बाजूनंही पाहायला हवं. त्याच्या लाकडी नांगराला लोखंडाचा फाळ होताच. भीती फाळाची नव्हती, सगळंच लोखंड होण्याची होती. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, लोहार फाळ द्यायचा, मोडला तर दोघं दुसऱ्या दिवशी नीट करायचे. ओतीव नांगर मोडला तर करायचं काय? नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. पुढे औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळल्या, नांगर झाले. मामांचं दुकान तिथून फार लांब नाही. त्यांच्या वडिलांनी किर्लोस्करांचे नांगर दुरुस्त करून संसार केला, असं ते अभिमानानं सांगतात.

गाडीच्या चाकाला धाव चढवताना मी लहानपणी एकदाच पाहिलंय. धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. शेणकुटांच्या गोल जाळात ती ठेवतात. तापली की पसरते. चौघं सांडशांनी उचलून आणतात, चाकावर बसवतात, लाकडाचा धूर निघतो, आणि कोणी ओरडायच्या आत घागरी ओततात. गार होताना लोखंड आवळतं आणि आरे, पाट्या, तुंबा सगळे कटकट वाजत एकमेकांत घुसतात. खिळा एकही नाही. आता उसाच्या गाड्यांना टायर आले, धाव शब्द धावण्यापुरताच राहिला. कारखान्याच्या हंगामात पत्री ठोकणारा मात्र अजून तळावर दिसतो. बैलाला दोरानं आडवा पाडून, चारी पाय बांधून तो खुराच्या दोन्ही नख्यांना पत्र्या मारतो. डांबरी रस्त्यावर ओझं ओढणाऱ्या बैलाचा खूर पत्रीवाचून टिकत नाही.

आणि घिसाडी. गाडीत बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारे हे लोहार मूळचे राजस्थानचे असल्याचं सांगतात, आपसात गुजराती-राजस्थानी वळणाची बोली बोलतात. यांच्यात घण बाई मारते. नवरा सांडशीत तापलेला तुकडा धरून बसतो, लहान हातोडीनं जागा दाखवतो आणि ती उभी राहून डोक्यावरून घण आणते, त्याच जागी. एका तळावर मी मावशींना विचारलं, हात भरून येत नाहीत का? त्या म्हणाल्या, "पोर पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत मारलाय, ताई." त्यांच्या पायाशी निवलेल्या काळ्या कपच्या पडल्या होत्या. घावानं उडणाऱ्या या ठिणग्या आपण दिवाळीत विकत घेतो. फुलबाजीतून झाडासारख्या फुटणाऱ्या सोनेरी काड्या म्हणजे जळणारा लोखंडाचा कीसच.

कष्टाचा हा धातू बाईच्या अंगात मात्र कमी पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. दुसऱ्या बाळंतपणानंतर मीही त्यांतलीच होते. माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम, एका खिळ्याइतकं. त्याचा मोठा वाटा हिमोग्लोबिनमध्ये, श्वासातला प्राणवायू वाहून नेण्याच्या कामावर. आशाताई ज्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणतात त्या गरोदर बाईला लाल, शाळकरी मुलींना निळ्या, लहानग्यांना गुलाबी. गोळी घेतली की शौचाला काळी होते, मळमळतं, आणि घरात कोणी समजावणारं नसेल तर पुडी फळीवर राहते. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबाबरोबर घेतली तर लागतं. एवढी साधी गोष्ट सांगायला घरोघरी बाईच लागते, आणि ती आशाताई ऊन-पावसात फिरून सांगते. तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

आजीच्या घरी फोडणी लोखंडी पळीत आणि अळूचं फदफदं लोखंडी कढईत. चिंच पडली की ते काळपट व्हायचं. आम्ही तोंड वाकडं करायचो. स्टीलची कढई आली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. आता कळतं की चिंचेच्या आंबटानं कढईचं लोह थोडं थोडं भाजीत उतरत होतं. स्टेनलेस स्टील हा गंजू नये म्हणून घडवलेला धातू, तो भाजीला काही देत नाही. आयुर्वेदानं तर लोखंडाच्या जुन्या मळीलाही वाया जाऊ दिलं नाही, तिचं मंडूरभस्म केलं आणि पांडुरोगावर वापरलं.

इस्त्रीचं वेगळंच. इंग्रजीत कपड्यांवर फिरवायच्या वस्तूला धातूचंच नाव. मराठीनं तिचं काम पाहिलं. इस्त्री पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून आली, अर्थ ताणणं. गोव्याचे मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा जो कोश १९१३मध्ये प्रसिद्ध केला, त्यात तिची नोंद आहे. आसगावात जन्मलेल्या या पाद्र्यानं आपल्या रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द नावागावानिशी ओळखून ठेवले. त्यांच्याच गोव्याच्या डोंगरांतून पुढे लोखंडाचं खनिज मांडवी-जुवारीतून बार्जांनी मुरगावला जाऊ लागलं. आधी २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिथल्या खाणी थांबल्या. डिचोली, सांगे, सत्तरीत 'खाण' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पोट आणि पाणी दोन्हींची चिंता एकदम दिसते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपण ज्याला लोखंड म्हणून ओळखतही नाही असं लोखंड तर पायाखालीच असतं. कोकणचा जांभा लाल आहे तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे. दिवाळीला अंगणात सारवून गेरू फासायचा आणि त्यावर रांगोळी काढायची, तो गेरू लोखंडाचाच. वारली चित्रांची लाल भिंत त्याची, गोव्याच्या देवळांवरच्या कावी नक्षीतली काव त्याचीच.

शेवटी जालन्याला गेले. बियाण्यांचं गाव, आणि सळईचं. कारखान्याच्या आवारात भंगाराचा डोंगर: सायकलींचे सांगाडे, पंख्याची पाती, खाटेच्या पट्ट्या, पत्र्याच्या डब्यांचे चेपून केलेले ठोकळे, गाड्यांचे दरवाजे. चुंबकाची क्रेन त्यातून घास घेते आणि विजेच्या भट्टीत सोडते. त्या ढिगात मला एक फाळ दिसला. टोक झिजून बोटभर राहिलेलं. मी बघते आहे तोवर तो वर उचलला गेला.

रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळई सापासारखी पळत येते आणि पाण्याच्या फवाऱ्यांच्या पेटीतून जाते. साल एकदम गार होऊन कडक होतं. गाभा अजून तापलेला असतो. पुढे गाभ्यातली उष्णता बाहेर येत सालाला आतूनच थोडं मऊ करते, म्हणून सळई कडकही राहते आणि वाकवली तर मोडत नाही. मी ते ऐकत होते आणि डोळ्यांपुढे मामांचा हौद होता. पाठीकडून धारेकडे सरकणारा तो पिवळा. नळ्या, मोटारी, संगणक सगळं नवं, पण पाणी देण्याची रीत तीच. तिथल्या मुकादमाला मी विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? त्यानं तीन इंग्रजी अक्षरं सांगितली. मामांचा शब्द मी त्याला सांगितला. त्यानं तो दोनदा म्हणून पाहिला.

परतायला उशीर झाला. पातं शुक्रवारी न्यायचं ठरलं होतं, "शनिवारी लोखंड घरात न्हेऊ ने," असं मामांनीच बजावलं होतं. बाळंतिणीच्या उशाशी कोयता ठेवणारं, दाराला नाल ठोकणारं, खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणारं हे घर. शनिवारचं पथ्य ते मोडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी बसमधून उतरले ती शनिवारीच, दिवेलागणीला. भट्टी विझली होती. मामा ऐरणीजवळ बसून सुनेकडून चहा घेत होते.

मी म्हटलं, "मामा, आज शनिवार. सोमवारी येते."

त्यांनी पातं फडक्यातून काढलं. खवणीचे दातही कानशीनं पुन्हा घासून काढले होते. अंगठा आडवा धरून त्यांनी धार चाचपली आणि माझ्या हातात दिली.

"न्ह्या की," ते म्हणाले. "इकत कुटं घेताय? तुमच्या आजीचंच हाय. आन् सांगितलं न्हवं, लोखंड न्हाई ह्ये."